पडवीतला भुसा, घरातली नाकं आणि धूळ ओढणारं मशीन



गेल्या वर्षी एक काकू बरेच महिने माझ्याकडे खोकल्यासाठी येत होत्या. वय साठीच्या आतबाहेर, तंबाखू नाही, मिश्री नाही. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेलेला होता, म्हणून आधी थुंकीची तपासणी केली. क्षयरोग नव्हता. छातीचा एक्स-रे ठीक होता. स्टेथोस्कोप लावला की मात्र श्वास सोडताना बारीक शिट्टी ऐकू यायची. "घरी चूल आहे का?" मी विचारलं. गॅस होता. मग दमा धरून इनहेलर सुरू केलं. गंमत अशी की, काकू लेकीकडे पुण्याला पंधरा दिवस राहिल्या की खोकला थांबायचा आणि माहूरला परतल्या की चार दिवसांत पुन्हा सुरू व्हायचा. "हवामानाचा फरक असेल," असं म्हणून मी मोकळा झालो होतो.

पुढच्या खेपेला त्यांचे यजमान सोबत आले. निवृत्त गुरुजी. त्यांच्या शर्टाच्या खिशाच्या शिवणीत पिवळसर भुकटी अडकलेली होती. मी विचारलं तेव्हा कळलं, की निवृत्तीनंतर गुरुजींनी घराच्या पडवीला पत्रे आणि दार लावून छोटं वर्कशॉप केलंय. सागवानाचे देव्हारे, पाट, पोळपाट, नातवंडांसाठी गाड्या. दिवसाचे चार-पाच तास काम चालतं. संध्याकाळी काम संपलं की पडवी झाडायच्या कोण? काकू. रोज, कोरड्या झाडूने.

चूक माझी होती. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचाराल तेव्हा 'धंदा काय करता?' हेही विचारा, असं त्यांनी त्यात डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे. मी तो प्रश्न विचारला होता. काकू म्हणाल्या, "घरकाम." मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेलो. घरात दुसरं कोण काय करतं, हे विचारलंच नाही.

(दोघांच्या परवानगीने लिहितोय आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गुरुजींना हे सांगितलं तेव्हा त्यांचे दोन प्रश्न होते. पहिला, "डॉक्टरसाहेब, झाडाचाच भुसा आहे तो, केमिकल थोडंच आहे?" आणि दुसरा, "मग कोणतं मशीन घेऊ?" किनवट-माहूर हा सागवानाचा मुलूख. इथे घरोघरी कुणी ना कुणी लाकडाशी खेळणारं असतंच. पिढीजात सुतारकाम घरूनच करणारीही बरीच कुटुंबं आहेत. म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथे सविस्तर देतो. मी काही मशीनचा जाणकार नाही. पण ते मशीन शेवटी फुप्फुसासाठी घ्यायचं आहे, म्हणून माझं मत मांडायचा हक्क मी घेतो.

"आमच्या आजोबांना काही झालं नाही"

हे वाक्य मला दर वेळी ऐकायला मिळतं आणि त्यात तथ्य आहे. आजोबांची हत्यारं कोणती होती? वाकस, पटाशी, हातकरवत, रंधा. रंध्यातून काय निघतं ते आठवा. लांब, गुंडाळलेल्या ढलप्या. त्या पायाशी पडतात, नाकात जात नाहीत. हातकरवतीचा भुसाही जाडसर, रव्यासारखा. तोही खाली पडतो. शिवाय काम व्हायचं अंगणात, झाडाखाली.

आज त्याच घरात चार इंची ग्राइंडर आहे. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. त्याला लाकडाचं पातं किंवा पॉलिश पेपरची चकती लावली की लाकडाची भुकटी होते, मैद्यासारखी. राउटर त्याहून वेगाने फिरतो. सँडरचं तर कामच धूळ करणं. लाकूड तेच, सुतारही त्याच घरातला, पण हवेत जे उडतं ते पूर्ण वेगळं आहे. आणि काम अंगणातून उठून बंद पडवीत आलंय. म्हणून आजोबांचं उदाहरण नातवाला लागू होत नाही.

(लाकडाचं पातं लावलेल्या ग्राइंडरबद्दल स्वतंत्र लेख लिहायचाय. त्याने कापलेली बोटं शिवणं हा आमच्या कामाचा नको तितका मोठा भाग झालाय.)

दिसते ती धूळ बरी

धुळीचा कण मोजायचं माप म्हणजे मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. जमिनीवर दिसणारा भुसा केसापेक्षा कितीतरी जाड. तो नाकात गेलाच तर शिंक येते आणि शेंबडातून बाहेर पडतो. १० मायक्रॉनच्या खालचे कण घशापुढे श्वासनलिकेत उतरतात आणि साधारण ४-५ मायक्रॉनच्या खालचे कण थेट फुप्फुसाच्या टोकाशी, हवेच्या पिशव्यांपर्यंत जातात. हे कण सुटे सुटे डोळ्यांना दिसत नाहीत.

आणखी एक हिशेब बघा. अगदी स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण माणसाच्या नाकाच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, जमिनीवर यायला साधारण आठ मिनिटं घेतो. १ मायक्रॉनच्या कणाला त्याच प्रवासाला बारा तासांच्या आसपास लागतात. आणि पडवीतली हवा कधीच स्थिर नसते. पंखा असतो, माणसांची ये-जा असते. म्हणजे गुरुजींनी दुपारी चारला सँडर बंद केला तरी सहाला झाडायला आलेल्या काकू त्याच सँडरची धूळ श्वासात घेत होत्या. वर झाडूने खालची पुन्हा उडवत होत्या.

किती धूळ म्हणजे जास्त? युरोपीय संघाने कठीण लाकडाच्या धुळीसाठी कामगारांना आठ तासांची सरासरी मर्यादा घालून दिली आहे. २०२३ पासून ती एका घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम आहे. आता १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली घ्या. तीत साधारण ३४ घनमीटर हवा मावते. म्हणजे पूर्ण खोलीत मिळून ६८ मिलिग्रॅम धूळ तरंगत राहिली की मर्यादा गाठली. चिमूटभर मीठ ३०० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. त्या चिमटीच्या पाव भागाहून कमी! सँडर हे काम काही क्षणांत करतो.

आपल्याकडे हे कोण मोजणार? कारखान्यांसाठीचे नियम ठरावीक संख्येने कामगार असलेल्या जागेला लागू होतात. पडवीत एकटा काम करणारा सुतार किंवा हौशी गुरुजी त्या जाळ्यात येतच नाहीत. तिथे निरीक्षक येणार नाही, ते काम घरच्यांनाच करायचंय. त्यासाठी एक फुकटची परीक्षा सांगतो. रात्री पडवीतला दिवा बंद करा, एका टोकाला जोरदार टॉर्च लावा, तिच्यासमोर एखादी वही आडवी धरून प्रकाश थेट डोळ्यात येणार नाही असं करा आणि टॉर्चच्या दिशेने बघत सँडर दोन मिनिटं चालवायला लावा. उन्हाच्या कवडशात धूळ दिसते तशी ती प्रकाशाच्या झोतात लोळताना दिसेल. इंग्लंडमधले कामगार-सुरक्षा निरीक्षकही याच तत्त्वावरचा दिवा वापरतात. मशीन घ्यायच्या आधी ही परीक्षा करा आणि घेतल्यावर पुन्हा करा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा हिच्यावर विश्वास ठेवा.

झाडाचाच भुसा, पण

'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी हा आपला जुना गैरसमज. बिब्बाही नैसर्गिकच असतो. सागवान किडत नाही, वाळवीला दाद देत नाही, कारण त्याच्यात तशी रसायनं आहेत. तीच काहींच्या कातडीला सोसत नाहीत. हातावर, मानेवर, डोळ्यांभोवती खाज आणि पुरळ येतं. शिसवाच्या जातीच्या लाकडांचंही तसंच आहे. बरेच जण ते उन्हाचं किंवा घामाचं समजून वर्षभर मलमं लावतात.

श्वासाचं दुखणं दोन वाटांनी येतं. नुसती चुरचुर, म्हणजे नाक वाहणं, शिंका, घसा खवखवणं, कोरडा खोकला. आणि दुसरी वाट ॲलर्जीची. तिच्यात शरीर काही महिने किंवा वर्षं सहन करतं आणि मग एकदा बिनसलं की थोड्या धुळीनेही दम्याचा झटका येतो. "इतकी वर्षं काही झालं नाही, आताच कसं?" याचं उत्तर हेच.

कॅन्सरबद्दल लिहावं की नाही, यावर मी थोडा विचार केला, कारण भीती घालणं मला आवडत नाही. पण लपवणंही बरोबर नाही. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं लाकडी खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आलं की, नाकाच्या आतल्या एका अगदी दुर्मीळ कॅन्सरचे रुग्ण फर्निचर कामगारांमध्येच फार दिसतायत. डोनाल्ड ॲचिसन आणि इतर सहकाऱ्यांसोबतचा त्यांचा अभ्यास १९६८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या गटात. हा कॅन्सर आजही दुर्मीळच आहे आणि व्हायला बहुधा काही दशकं जातात. गुरुजींनी साठाव्या वर्षी सुरू केलेल्या छंदात त्याची फार धास्ती घ्यायचं कारण नाही. पण त्याच पडवीत विसाव्या वर्षी काम सुरू करणाऱ्या पोरासाठी हिशेब वेगळा आहे.

एमडीएफ आणि प्लायवूड वापरणाऱ्यांसाठी एक जास्तीचा मुद्दा. एमडीएफ म्हणजे लाकडाचा लगदाच. तो कापला की धूळ अत्यंत बारीक पडते. शिवाय ते चिकटवायच्या राळेत फॉर्माल्डिहाइड असतं आणि तेही त्याच पहिल्या गटात आहे. हल्ली देव्हाऱ्यांच्या जाळ्या एमडीएफच्या असतात. घरी कापण्याऐवजी त्या कापून घेऊन आलात तर अर्धा प्रश्न दाराबाहेरच राहील.

ओढणं म्हणजे फुंकणं नव्हे

आता मशीन. आधी एक साधा प्रयोग. निरांजन हातभर लांबून फुंकर मारून विझवता येतं. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा. नाही जमणार. फुंकलेली हवा सरळ रेषेत लांब जाते. ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी येते आणि तोंडापासून जरा दूर गेलं की तिचा जोर संपतो. चार इंची पाइपच्या तोंडापासून चार इंच दूर गेलात तर हवेचा वेग तोंडाशी असतो त्याच्या दहाव्या हिश्शावर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणून "पाइप जवळपास ठेवलाय" याला काही अर्थ नाही. पाइप धूळ निघते तिथे चिकटून, शक्यतो तिला वेढून हवा. बाजारातलं सगळ्यात महाग मशीन आणून त्याचं तोंड फूटभर लांब ठेवलं तर ते फक्त वीजबिल ओढेल.

तपासायचं असेल तर उदबत्ती लावा. मशीन चालू करून धूर पाइपच्या तोंडासमोर वेगवेगळ्या अंतरावर धरा. धूर जिथून वाकून आत जातो तेवढाच तुमच्या पाइपचा प्रांत.

धूळ ओढणारी यंत्रं दोन जातींची असतात आणि इथेच लोक फसतात. पहिली जात व्हॅक्यूम क्लीनरची. पाणी आणि कोरडा कचरा दोन्ही ओढणारा, ड्रमवाला, चाकं असलेला. तो हवा थोडी ओढतो, मिनिटाला साधारण १०० घनफूट, पण ताकदीने. त्यामुळे बारीक, लांब नळीतूनही चालतो. हातातल्या मशीनसाठी, म्हणजे सँडर, राउटर, जिगसॉ यांच्यासाठी, हाच योग्य. दुसरी जात डस्ट कलेक्टरची. मोठा पंखा, चार इंची किंवा त्याहून जाड पाइप आणि कापडी पिशवी. याची ताकद कमी, पण हवा भरपूर. टेबल सॉ, मोठं रंधा मशीन यांना मिनिटाला साधारण ३५० घनफूट आणि त्याहून जास्त हवा लागते. तेवढी व्हॅक्यूमला जमत नाही. रंधा मशीनला व्हॅक्यूम लावाल तर थोड्याच वेळात नळी ढलप्यांनी तुंबेल. उलट डस्ट कलेक्टरचा चार इंची पाइप कमी करत करत सँडरच्या एक इंची नळीला जोडाल तर हवा जाणारच नाही. व्यास निम्मा केला की वाट पावपटच उरते.

गुरुजींसारख्या माणसाला मी काय सांगितलं? आधी व्हॅक्यूम. कारण त्यांची नव्वद टक्के बारीक धूळ सँडरची. एका बऱ्या मोबाइलपेक्षा कमी पैशांत चांगला व्हॅक्यूम मिळतो. पण घेताना फिल्टर बघा. वॅट आणि लिटर दुकानदार न विचारता सांगतो, फिल्टरचं विचारावं लागतं. सोबत येणारा स्पंजचा फिल्टर पाण्यासाठी असतो. तो लावून कोरडा भुसा ओढला तर पुढून आत गेलेली बारीक धूळ मागून फवारल्यासारखी बाहेर येते. घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर हवा, जमल्यास हेपा. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवणारा. फिल्टर लवकर तुंबू नये म्हणून व्हॅक्यूमच्या आधी झाकणाच्या बादलीवर प्लॅस्टिकचा छोटा सायक्लोन बसवतात. हवा त्यात भोवऱ्यासारखी फिरते, जड भुसा बादलीत पडतो, बारीक धूळ तेवढी फिल्टरकडे जाते. बादली रोज ओतली की काम झालं. सायक्लोन हा फिल्टरचा मदतनीस आहे, फिल्टरच्या जागी नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

सँडर घेताना त्याच्या बुडाला भोकं आहेत का बघा आणि त्याच जागी भोकं असलेले किंवा जाळीचे पेपर वापरा. भोकं जुळली नाहीत तर व्हॅक्यूम रिकामाच ओढत बसतो. सोबत येणारी इवलीशी कापडी पिशवी म्हणजे नुसती समजूत आहे.

पिशवी आत की बाहेर?

इथे माझं मत जरा ठाम आहे. स्वस्त डस्ट कलेक्टरच्या कापडी पिशवीच्या विणीतून बऱ्याचदा ३० मायक्रॉनपर्यंतचे कण आरपार जातात. म्हणजे ढलप्या आत राहतात, जमीन स्वच्छ दिसते आणि फुप्फुसात जाणारी धूळ गाळून, वेगळी काढून खोलीभर पसरली जाते. धुळीच्या दृष्टीने हे नसण्यापेक्षा वाईट. आधी निदान भुसा दिसायचा, आता 'स्वच्छ आहे' या समाधानात माणूस मास्कही काढून ठेवतो.

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये यावर उपाय सांगतात तो म्हणजे महागडा बारीक फिल्टर, आणि छताला टांगायचं हवा गाळायचं यंत्र. त्यांचंही बरोबर आहे. बर्फाळ देशात खोली तापवायला पैसे लागतात, ती गरम हवा बाहेर फेकणं परवडत नाही, म्हणून तीच गाळून परत वापरावी लागते. आपल्याला ती अडचण कुठाय? माहूरच्या थंडीतही दुपारी दार उघडं ठेवता येतं आणि उन्हाळ्यात तर आपल्यालाच हवा बाहेर काढायची असते. मग गाळणीवर पैसे का घालवायचे? पंखा आणि पिशवी भिंतीच्या बाहेर, पत्र्याच्या आडोशाला बसवा, फक्त पाइप आत आणा. जे निसटेल ते बाहेर निसटेल. मात्र शेजारणीच्या वाळवणाच्या किंवा खिडकीच्या दिशेने तोंड करू नका. पाइप जितका आखूड आणि सरळ तितका चांगला. वळणाची, वळ्यावळ्यांची लवचीक नळी शेवटच्या हातभरापुरतीच.

बाहेर फेकलेल्या हवेइतकीच हवा आत यायला वाट लागते. सगळं बंद करून पंखा लावला तर तो नुसता घोंघावतो. आणि ती हवा घराकडून पडवीकडे यावी, पडवीतून घरात जाऊ नये. मधल्या दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरा. धूर पडवीकडे झुकला तर बरोबर. माजघराकडे झुकला तर धूळ देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत जातेय असं समजा. कलेक्टर घेण्याची ऐपत नसेल तर याच तत्त्वावर भिंतीत १२ इंची एक्झॉस्ट फॅन बसवा आणि कामाचं टेबल त्याच्यापाशी सरकवा. तो धूळ उगमाशी पकडत नाही, पण घरात शिरू देत नाही. छताचा पंखा मात्र काम चालू असताना बंद.

सगळ्यात स्वस्त पर्याय आजोबांचाच, सँडिंग अंगणात करायचं. वारा पाठीवर घेतला तर अंगाभोवती भोवरा होऊन धूळ उलट तोंडावर येते. म्हणून वारा कुशीवर घ्या.

विजेबद्दल एकच. व्हॅक्यूम आणि कटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. दीड-दोन अश्वशक्तीच्या कलेक्टरला १५ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट लागतो. भुशाच्या ढिगाशेजारी जळकी वायर किंवा विडी काय करू शकते, हे सांगायला नको.

मास्क हवाच, पण तो एका नाकाचा

दस्ती किंवा गमछा तोंडाला बांधून काम करणारे खूप दिसतात. त्याने मिशीवर भुसा बसत नाही, इतकाच उपयोग. बारीक धूळ कापडातून आणि त्याहून जास्त बाजूच्या फटीतून जाते. एन-९५ किंवा एफएफपी-२ लिहिलेला मास्क घ्या. भारतीय मानक ब्यूरोचा आयएस ९४७३ हा क्रमांक पाकिटावर शोधा. नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाट दाढीवर तो नीट बसत नाही. उच्छ्वासाची झडप असलेला मास्क आपल्या उन्हाळ्यात जास्त वेळ सहन होतो आणि धुळीसाठी तो चालतो. आणि मशीन बंद झालं की लगेच काढू नका. वरचा बारा तासांचा हिशेब आठवा.

तरीही मी मास्कला शेवटचा क्रमांक देतो. बरेच जण उलट करतात, "मास्क घेतला, आता मशीन कशाला?" असं म्हणतात. मास्क घालणाऱ्याचं नाक वाचतं. घरात आणखी चार नाकं असतात, त्यातलं एखादं रांगत्या नातवाचं असतं आणि ते जमिनीच्या सगळ्यात जवळ असतं.

झाडू आणि ब्लोअर या दोन गोष्टींना मात्र मी सरळ नाही म्हणतो. ब्लोअरने टेबल साफ करणं म्हणजे दिवसभर खाली बसलेली धूळ एका झटक्यात नाकाच्या उंचीवर आणणं. व्हॅक्यूमने ओढा, उरलेलं ओल्या फडक्याने पुसा. फिल्टर झटकायचा तो अंगणात, मास्क लावून. कामाचा शर्ट पडवीतच खुंटीला ठेवा, घरात आणू नका. तो घरातल्या माणसाने झटकायचाही नाही. आणि भुसा? सागवानाचा भुसा भुशाच्या शेगडीत जाळतात, तो धूरही छातीला चांगला नाहीच. पण प्लाय आणि एमडीएफचा भुसा किंवा तुकडे चुलीत, बंबात अजिबात घालू नयेत. त्यातल्या राळेचा धूर घरभर होतो.

डॉक्टरांना काय सांगाल?

लाकडाचं काम करणाऱ्या घरातल्या कुणालाही खोकला, धाप, छातीत घरघर असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, आपण होऊन सांगा. गावाला किंवा सुट्टीवर गेल्यावर बरं वाटतं का, परतल्यावर पुन्हा सुरू होतं का, हे पंधरा दिवस वहीत टिपून आणा. एवढी एक वही कधी कधी महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगते. दोन आठवड्यांच्या वरचा खोकला भुशाचाच असेल असं गृहीत धरू नका, थुंकी तपासून घ्या. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. एकाच बाजूचं नाक महिनोन् महिने बंद राहणं, एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त किंवा रक्तमिश्रित शेंबूड येणं हे सर्दी म्हणून सोडू नका. नांदेडच्या किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. बहुतेक वेळा साधंच काही निघतं, पण दुर्बिणीने बघून घेतलेलं बरं. आणि बरं वाटलं म्हणून इनहेलर मनाने बंद करू नका.

गुरुजींनी व्हॅक्यूम आणि बादलीवरचा सायक्लोन घेतला. भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवला. मोठा कलेक्टर सध्या नको म्हणाले, कारण मोठी कापणी ते आता गिरणीतून करून आणतात. पडवी झाडायचं काम काकूंकडून काढून घेतलं. यावर काकूंचा विश्वास बसायला काही दिवस गेले. टॉर्चची परीक्षा त्यांनी पहिल्यांदा केली त्या रात्री गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत, असं काकू सांगत होत्या.

काकूंचं इनहेलर बंद झालेलं नाही, डोस कमी झालाय. पुण्याला जाण्याची गरज आता फक्त लेकीसाठी पडते. मागच्या आठवड्यात दोघं आले होते. फिल्टर किती महिन्यांनी बदलायचा, हे गुरुजींना विचारायचं होतं. मी म्हटलं, महिने मोजू नका. ओढ कमी वाटली, झटकूनही सुधारली नाही की बदला, आणि दर महिन्याला एकदा टॉर्च लावून बघत जा.